मागच्या रांगेतली मिरान

दादाभाऊ मांडेच्या कानांना अख्ख्या ओझरात तोड नव्हती, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत सुटायचा. गाडीचं कुठलं बेअरिंग कुरकुरतंय, शेजाऱ्याच्या विहिरीवरची मोटार कधी जळणार, पलीकडच्या आळीत कोण कोणाशी भांडतंय, हे त्याला बसल्या जागी कळायचं. बायकोनं मारलेली हाक तेवढी ऐकू यायची नाही. मंगल म्हणायची, “ह्यांचे कान लई भारी, पर घराच्या बाजूनं बुजल्यात.” ती बिचारी रोज सकाळी गोठ्यात धार काढताना काहीतरी गुणगुणायची. ते ऐकून गाय पान्हा सोडायची. नवरा मात्र कूस बदलून झोपायचा.

हे कान तयार झाले होते तमाशात. अकरा वर्षं दादाभाऊ सावळाराम धामणकराच्या फडात सुरत्या होता. सुरत्या म्हणजे कोण, हे ज्याला ठाऊक नाही त्यानं एवढंच ध्यानात घ्यावं: जो पुढं उभा राहून गातो त्याला टाळ्या मिळतात, आणि मागं तुणतुणं घेऊन, पुढच्याची ओळ संपता संपता वरच्या सुरात ‘जी जी रं जी’ची झील उचलून जो गाणं तोलून धरतो, तो सुरत्या. त्यानं सूर सोडला की पुढच्याचं गाणं तिथंच बसतं. पण खेळ बघून घरी जाताना सुरत्याचं नाव कोणी घेतं का? तुम्ही घेतलंय कधी? नाही ना. मग झालं तर.

एकोणनव्वद साली, ऐन जत्रांच्या दिवसांत, दादाभाऊनं धीर केला आणि सावळारामकडं एक गौळण मागितली. एकच. “ही मी पुढं हुभा ऱ्हाऊन म्हनतो. झील तुमी धरा.” सावळाराम चिडला नाही. मिशीला ताव देत शांतपणे म्हणाला, “सुरत्या पुढं आला की फड फुटतो, दादाभाऊ. पुढं गायचं आसंल तर आपला फड काढ.” दादाभाऊनं तुणतुणं कनातीच्या खांबाला अडकवलं आणि पायी पायी घर गाठलं. त्या दिवसापासून गाणं बंद. आरतीलासुद्धा तो नुसत्या टाळ्या वाजवायचा. गाडी चालवायला शिकला, लग्नाची वऱ्हाडं वाहिली, आणि अशी एकोणीस वर्षं निघून गेली.

दोन हजार आठ साली त्याला किम साहेब भेटला. नारायणगावच्या टोमॅटोसाठी नवं बियाणं काढायला कोरियाहून आलेला हा माणूस. गावात बंगला भाड्यानं घेऊन राहिलेला. सोबत बायको आणि चौदा वर्षांची पोरगी, सोयॉन. दादाभाऊ त्यांच्या टवेरावर ड्रायव्हर लागला. साहेबाला एकच नाद होता, गळ टाकून मासे धरायचा. दर रविवारी गाडी मंचर, घोडेगाव करत डिंभ्याच्या धरणावर. साहेब टोपी घालून पाण्याकडेला बसला की दुपारपर्यंत दगड. मॅडम छत्री उघडून पुस्तक वाचणार. आणि सोयॉन तोंड फुगवून गाडीत, एसी लावून, गाणी ऐकत.

दादाभाऊ पुढच्या सीटवर सुपारी कातरत बसायचा. पहिल्या रविवारी त्याचं डोकं उठलं. नऊ पोरींचा ताफा, ‘हानल’ नावाचा. एक संपवते न संपवते तोच दुसरी घुसणार, ढोलकीच्या जागी मशीन, आणि अक्षर कळेल तर शपथ. दुसऱ्या रविवारी त्याचा पाय हलायला लागला. आणि तिसऱ्या रविवारी त्याचा सुपारीवरचा अडकित्ता मधेच थांबला.

“थांब, थांब,” तो मागं वळून हिंदीत म्हणाला. “ये पीछे कौन है?”

सोयॉनला कळेना. “पीछे?”

“आगेवाली नही. पीछे, उपर. सब लोग गाता है ना, तब एक लडकी उपर पकडके रखती है. वो नही तो सब गिरेंगा. कौन है वो?”

सोयॉननं गाणं परत लावलं. कपाळाला आठ्या घालून ऐकलं. आणि मग तिचे डोळे एकदम मोठे झाले. सीडीच्या कव्हरवर नऊ पोरी होत्या. मधली सगळ्यात ठळक, युजिन, ती त्या ताफ्याची म्होरकी. सोयॉनचं बोट तिला ओलांडून, बाकीच्यांना ओलांडून, पार कडेला गेलं. अर्धा खांदा कव्हरच्या बाहेर गेलेली एक बारकी पोरगी. “मिरान,” सोयॉन म्हणाली. “कोई नही जानता. एक गाने मे चार सेकंद. मेरी फेवरेट. सिर्फ मेरी.”

“आता माजीबी,” दादाभाऊ म्हणाला.

त्या दिवसापासून पोरगी पुढच्या सीटवर बसायला लागली. तोंड फुगवणं संपलं. कुठल्या गाण्यात मिरान कुठं आहे हे दादाभाऊनं न बघता सांगायचं आणि सोयॉननं वहीत बरोबरची खूण करायची. एकदाही चुकला नाही पठ्ठ्या! घोड नदीच्या पुलावर गाडी हळू करून म्हणायचा, “आता बग, आता उचलंल.” आणि मिरान उचलायचीच. दादाभाऊच्या अंगावर दर वेळी काटा यायचा. न बघितलेला मुलूख, न कळणारी भाषा, आणि तिथंही मागच्या रांगेत उभं राहून कोणीतरी अगदी त्याचंच काम करत होतं. ह्याचं त्याला इतकं नवल वाटायचं की घरी जेवतानाही तेच बोलायचा.

“सातासमुद्रापल्याडच्या पोरीचा आवाज वळखता,” मंगल भाकरी थापता थापता म्हणायची, “आन हितं मीठ पायजे का इचारलं तर आँ?”

“आँ?” दादाभाऊ म्हणायचा.

पावसाळा सरला तेव्हाची गोष्ट. एका रविवारी सोयॉन गाडीत बसली ती नाचतच. घरच्या इंटरनेटवर तिनं बातमी वाचली होती. नऊजणींतल्या तीन पोरी वेगळं नाव घेऊन स्वतःची सीडी काढणार. युजिन, आणखी एक, आणि मिरान! ताफ्याचं नाव ‘हानल-सेत’. सेत म्हणजे त्यांच्यात तीन.

दादाभाऊनं ऐकलं आणि करकचून ब्रेक दाबला. मागं साहेबाच्या गळाच्या काठ्या धाडकन आपटल्या.

“फड फुटला,” तो म्हणाला.

झालं. साहेबाला भलामोठा मासा लागला तरी गडी उठला नाही. घरी जाऊन न जेवता आडवा झाला. दुसऱ्या दिवशी नारायणगावात तमाशाच्या राहुट्यांसमोरून गाडी नेताना तर त्याचे डोळे भरून आले. फड फुटणं म्हणजे काय, ते त्यानं बघितलेलं होतं. सख्खे भाऊ एकमेकांच्या राहुटीसमोर थुंकतात. ढोलकीवाला एकीकडं, नाचणारणी दुसरीकडं, वर्षभरात दोन्ही फड बसतात, आणि सगळ्यात आधी भीक लागते ती सुरत्याला. अखेर शाळेतून येताना त्यानं सोयॉनला कळकळीनं सांगितलं, “उस लडकी को चिठ्ठी लिखो. बोलो, मत जाव. मोठे लोग का झगडा, उसमे वो मरेंगी.”

सोयॉन आधी खळखळून हसली. पण मग तिनं त्याचा चेहरा बघितला. तिनं त्याच्या चंचीतून सुपारीची नऊ खांडं काढली आणि डॅशबोर्डवर मांडली. त्यातली तीन बोटानं बाजूला सरकवली. “ये तीन गायेगा,” ती म्हणाली. मग तीच तीन परत सरकवून सहांत मिसळली. “फिर वापस. नौ. नो फायटिंग. सब फ्रेंड.”

दादाभाऊनं ती नऊ खांडं परत मोजली.

“न फुटता?” त्यानं मराठीतच विचारलं. “फड न फुटता मागचा मानूस पुढं?”

“हां.”

“आणि फिर वापस? कोई राग नही?”

“नही.”

अशीही कुठं रीत असते? त्याच्या डोक्यात काही ते बसेना. आणि मग त्याच्या मनात दुसरी शंका आली. तिघी झाल्या म्हणून काय झालं? तिघींतही एक पुढं आणि दोघी मागं, असंच असणार. म्होरकी गाणार, मिरान मागं. नऊतली नववी ती तिनातली तिसरी. सोयॉन छातीवर हात ठेवून सांगत होती की एक गाणं सबंध मिरानचं आहे, बातमीतच लिहिलंय. दादाभाऊ मान हलवायचा. “ऐकल्याबिगार खरं न्हाई, पोरी.”

पण जीव टांगणीला लागला तो लागलाच. सीडी सोयॉनची मावशी पोस्टानं पाठवणार होती. दादाभाऊ रोज नारायणगावच्या पोस्टात डोकवायचा. पोस्टमन हौशीराम त्याला लांबूनच हात हलवून ‘नाही’ म्हणायचा. पुढं पुढं तो चेष्टा करायला लागला, “काय राव, कोरियात सोयरीक जमवली का काय?” दादाभाऊला राग यायचा नाही. एकोणीस वर्षांत त्याला कशाची इतकी वाट बघावीशी वाटली नव्हती. मिरान पुढं आली, तर सावळारामचं म्हणणं खोटं. नाही आली, तर ते खरंच होतं, आणि दादाभाऊनं तुणतुणं टांगलं तेही बरोबरच होतं. हे असं सगळं त्या एका पोरीच्या गळ्याला येऊन लटकलं होतं, आणि तिला बिचारीला पत्ताही नव्हता.

पार्सल आलं एका शनिवारी. सकाळची शाळा सुटली तेव्हा दादाभाऊ ते मांडीवर घेऊनच गाडीत बसला होता. सोयॉननं तिथंच फोडायला घेतलं, तर त्यानं हात धरला.

“ऐसा नही. पहिला खेळ है. नारळ फोडना पडता.”

फडाचा सीझनचा पहिला खेळ नारळ फोडल्याशिवाय होत नाही, मग तो फड कुठलाही असो. त्यानं मॅडमला विचारलं, गाडी ओझरला नेली, विघ्नहराच्या देवळासमोर नारळ घेतला, सोयॉनलाच देवापुढं ठेवायला लावला आणि तिथून थेट आपल्या वस्तीवर आला. मंगलनं पोरीला ओवाळलं, हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले. दादाभाऊ नारळ फोडायला दगडापाशी गेला. सोयॉननं पार्सल उघडलं, कव्हर छातीशी धरलं, आणि मग भारावून ते मंगलच्या हातात दिलं. मंगलनं ते देव्हाऱ्यापुढं नेलं, हात जोडले आणि दोन मिनिटांत परत आणून दिलं.

सोयॉननं सीडी बाहेर काढली आणि किंकाळी फोडली.

सीडीच्या चकचकीत बाजूवर, मधोमध, ओल्या कुंकवाचं झोकदार स्वस्तिक. चार बाजूंना हळदीची बोटं. वर दोन तांदूळ चिकटलेले.

“आगं काय केलंस हे!” दादाभाऊच्या हातातली करवंटी पडली.

“काय केलं म्हंजी? नव्या वस्तूला काडत्यातच की!” मंगल बावचळली. “फ्रीजला काडलं, मोटारीला काडलं, तुमच्या ह्या गाडीलाबी मीच काडलं. तवा न्हाई वरडला!”

“आगं, त्याच बाजूत गानं आसतंय!”

“मला काय ठावं? ती बाजू चकाकती, मला वाटलं त्योच दर्शनी भाग.”

आता तिला तरी काय बोलणार? सोयॉनच्या डोळ्यांतून टपटप पाणी. अशी दुसरी सीडी मिळायला आणखी महिना, आणि मावशीनं ही दुकानापुढं रांगेत उभं राहून घेतलेली. मंगल मटकन ओट्यावर बसली. मग एकदम उठली, घरात गेली आणि ट्रंकेतला कोरा, मऊ सुती ब्लाउजपीस घेऊन आली. भाऊबीजेला भावानं दिलेला होता तो. “ह्याच्यानं पुसा. लई मऊ हाय.” दादाभाऊनं तांब्यानं पाण्याची बारीक धार धरली, सोयॉननं हुंदके देत देत दाखवलं तसं मधून कडेकडं, मधून कडेकडं, एकेक बोट पुसलं. तान्ह्या लेकराला न्हाऊ घालताना करतात तसं. कुंकू गेलं. हळदीची पिवळी झाक मात्र काही केल्या जाईना.

टवेराची चारी दारं उघडी टाकून त्यानं सीडी सरकवली. यंत्र घरघरलं. पहिलं गाणं सुरू झालं आणि टकटक टकटक करत एकाच जागी अडकून बसलं. मंगल पदराचं टोक तोंडात धरून उभी. “इघ्नहरा, माज्या हातनं झालं, पोरीचं वाटूळं नगं करू,” ती पुटपुटली. सोयॉननं डोळे मिटून बटण दाबलं. दुसरं गाणं.

आधी काहीच ऐकू येईना. नुसती एक तार वाजल्यासारखी. आणि मग तो आवाज आला.

दादाभाऊनं तो इतके महिने मागून, वरून, आठजणींच्या आडून ऐकला होता. आज तो एकटा होता. पुढं कोणी नाही. चार सेकंद झाली, पाच झाली, दहा झाली, तरी आवाज थांबला नाही. सावकाश, घाई न करता, सबंध ओळ म्हणाला. त्या बारक्या पोरीच्या गळ्यात एवढी जागा होती! खालच्या सुरात ती असं काही सांगत होती की गोठ्यातल्या गायीनंही रवंथ थांबवला. “आयला,” दादाभाऊ म्हणाला. एवढंच म्हणाला. त्याचे हात आपोआप जोडले गेले.

पण खरं नवल पुढंच होतं. मिरानची ओळ संपत आली, आणि मागून वरच्या सुरात कोणीतरी ती अलगद उचलली. दादाभाऊच्या कानांनी क्षणात ओळखलं. युजिन! म्होरकी! जिचं तोंड कव्हरच्या मधोमध असायचं ती, आज मागं उभी राहून मिरानची झील धरत होती. आणि नुसती धरत नव्हती, जीव ओतून धरत होती.

“म्होरकीन मागं ऱ्हायली,” तो मंगलला म्हणाला. त्याचा आवाज फुटला. “बग, मंगल, म्होरकीन मागं ऱ्हायली! फड न फुटता! आसं करता येतं गं. आसं करता येत व्हतं!”

तो गाडीच्या पायरीवर बसून रडला. पन्नाशीला आलेला बाप्या, पोरीदेखत, नाक ओढत. लाज वाटायची शुद्धच नव्हती त्याला. सोयॉनही रडत होती आणि हसत होती. तिनं पुढं होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. गाणं संपल्यावर यंत्र बंद करून म्हणाली, “दादाभाऊ, अब तुम. तुम आगे.”

दादाभाऊनं डोळे पुसले. उभा राहिला. एकोणीस वर्षं अडवून ठेवलेली ती गौळण त्याला शब्दन्‌शब्द पाठ होती. त्यानं श्वास घेतला. आणि त्याचं लक्ष मंगलकडं गेलं. तो ओला, हळदीनं पिवळा झालेला ब्लाउजपीस ती दोन्ही हातांत धरून उभी होती. गाऊ द्यायला ती केव्हाच मागं सरकली होती, पार गोठ्याच्या कुडाला टेकून. अर्धा खांदा दाराच्या आड.

दादाभाऊनं घेतलेला श्वास सोडून दिला.

“मंगल,” तो म्हणाला, “धार काडताना म्हनती ते म्हन.”

“कंचं?”

“त्ये गं. ज्याच्यात दुसऱ्या वळीला तू सूर वर न्हेती आन मंग भिऊन खाली आनती.”

मंगल त्याच्याकडं बघतच राहिली. “तुमाला ऐकू येतं?”

“येतं की.”

“कवापासनं?”

“लगीन झाल्यापासनं.”

“मंग कदी बोलला का न्हाई वो?” ती म्हणाली. रागानं नाही, नुसतं विचारलं.

कोरियातली नववी पोरगी त्याला सापडली होती, आणि घरात एकच बाई होती. तो अंगण ओलांडून तिच्यापाशी गेला, तिला हाताला धरून उजेडात आणलं, टवेराच्या समोर उभं केलं, आणि स्वतः तिच्या मागं, दोन पावलं डावीकडं, जिथं सुरत्या उभा राहतो तिथं जाऊन उभा राहिला.

“मला न्हाई यायचं मानसांत,” मंगल पुटपुटली.

“वर ने. भिऊ नगं. मी मागं हाय.”

मंगलनं पदर सारखा केला, एकदा सोयॉनकडं बघितलं, आणि जमिनीकडं बघत सुरुवात केली. आवाज आधी कापत होता. दुसऱ्या ओळीला तिनं सूर वर नेला, आणि तो पडणार एवढ्यात एकोणीस वर्षांनी मागून ‘जी जी रं जी’ आली. मंगलनं सूर खाली आणला नाही.